चहाचे जुने नक्षीदार चिनी मातीचे डबे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चहाचे जुने डबे जमवणाऱ्यांकडून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. त्यातले बरेचसे झाकणाबद्दल असतात आणि ते योग्यच आहे. डब्याचा सगळ्यात आधी हरवणारा, फुटणारा, बदलला जाणारा भाग तोच. म्हणून झाकणाला इथे जागाही जास्त दिली आहे. एकाच गोष्टीचा उल्लेख दोनदा येईल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चहाचा डबा आणि साधी चिनी मातीची बरणी यांत फरक कसा करायचा?

तोंड पाहा. चहाच्या डब्याचं तोंड अंगाच्या मानाने लहान असतं. गळा आखूड आणि उभा, आणि झाकण त्या गळ्यावर टोपीसारखं बाहेरून बसतं. डब्यात हात घालायचा नसतो, पानं हलवून बाहेर काढायची असतात. शिवाय हवा जितकी कमी शिरेल तितका चहाचा वास टिकतो. पुष्कळदा ते टोपीसारखं झाकणच चहा मोजायचं माप म्हणून वापरलं जाई. आलं मुरवायच्या गोल, फुगीर बरण्या चहाच्या म्हणून सर्रास विकल्या जातात. त्यांचं तोंड रुंद असतं. युरोपसाठी बनलेले अठराव्या शतकातले बहुतेक डबे १० ते १५ सेंटिमीटर उंचीचे, एका तळहातावर मावतील असे असतात. जपानी प्रकार यात बसत नाहीत, त्यांच्यासाठी प्रश्न ६ पाहा.

२. इंग्रजीत चहाच्या डब्याला ‘कॅडी’ म्हणतात. हा शब्द कुठून आला?

मलय भाषेतल्या ‘काटी’ या वजनाच्या मापावरून. एक काटी म्हणजे साधारण ६०० ग्रॅम. इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. त्याआधी या डब्यांना ‘कॅनिस्टर’ म्हणत, आणि संग्रहालयांच्या नोंदींत आजही तोच शब्द जास्त दिसतो.

३. हे डबे इतके लहान का? आणि त्यांना कुलूप असायचं असं ऐकलं, ते कुठे असतं?

चहा महाग होता म्हणून. ब्रिटनमध्ये चहावरचा कर एवढा चढला होता की चोरटी आयात हा मोठा धंदा झाला होता. १७८४ च्या कायद्याने तो कर ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणला. त्यानंतर चहा सामान्य घरांत पोहोचला आणि डब्यांचा आकारही वाढत गेला. कुलूप मात्र चिनी मातीच्या डब्याला नसे. ते लाकडी पेटीला असे. त्या पेटीत दोन किंवा तीन डबे बसत आणि किल्ली घरच्या मालकिणीकडे राही. पेटी गेली आणि डबे उरले, असं पुष्कळ वेळा झालं आहे. एकाच नक्षीचे दोन डबे सुटे मिळाले तर त्यांच्या बाजू पाहा. पेटीत घासून पडलेल्या उभ्या खुणा कधी कधी स्पष्ट दिसतात.

४. सुरुवात कशापासून करावी?

मोडक्यापासून. झाकण हरवलेला, काठाचा टवका उडालेला, तडा गेलेला डबा मुद्दाम घ्या. टवका उडालेल्या जागी आतली माती उघडी पडते आणि ती माती जे सांगते ते कुठलाही शिक्का सांगत नाही. पोर्सिलीन, म्हणजे खूप तापवून भाजलेली पांढरी चिनी माती, आतपर्यंत घट्ट आणि काचेसारखी असते, झिलई कुठे संपते आणि अंग कुठे सुरू होतं हे सहज कळत नाही. कथिलाच्या पांढऱ्या झिलईच्या डब्यात आत पिवळसर, खडूसारखी माती दिसते आणि वरची झिलई सालीसारखी वेगळी कळते. त्या मातीवर पाण्याचा थेंब ठेवला तर ती पिऊन टाकते. असे चार-पाच मोडके डबे वर्षभर हाताळा. मग धड डबा हातात आला की त्याच्या आतलं काय आहे याचा अंदाज बांधता येतो.

५. कुठकुठले डबे प्रामुख्याने मिळतात आणि ते ओळखायचे कसे?

चीनचे सगळ्यात जास्त. जिंगदेझेनच्या भट्ट्यांतून निघालेले, कांग्शी (१६६२–१७२२) ते चियेनलुंग (१७३६–१७९५) या सम्राटांच्या काळातले निर्यातीचे डबे अजूनही मोठ्या संख्येने फिरत आहेत. आधीचे बहुतेक निळे-पांढरे, म्हणजे झिलईखाली कोबाल्टचा रंग. १७२० च्या दशकापासून सोन्यापासून केलेला गुलाबी रंग आला आणि त्याने फुलांची, बायकामुलांची चित्रं रंगली. हा रंग झिलईवर असतो. बोट फिरवलं की किंचित उठाव लागतो. चौकोनी किंवा सहाकोनी डबा चाकावर फिरवून होत नाही. मातीच्या पाट्या पातळ चिखलाने जोडून तो उभा करतात. बॅटरी लावून आत पाहिलं की कोपऱ्यांत सांधे दिसतात, आणि भिंती भट्टीत थोड्या आत बसलेल्या असतात. अगदी काटकोनी, सरळ भिंतींचा ‘जुना’ डबा दिसला की मी दोनदा पाहतो.

जर्मनीत माइसेनचा कारखाना १७१० मध्ये सुरू झाला. सुरुवातीला बटगर या किमयागाराच्या देखरेखीखाली तिथे लाल-तपकिरी, दगडासारखी टणक भांडी बनली. त्या मातीचे चहाचे डबेही आहेत. ती इतकी कठीण असे की रत्नासारखी घासून चमकवता येई. १७२० मध्ये हेरोल्ट हा चित्रकार तिथे आला, आणि त्यानंतरच्या पोर्सिलीन डब्यांवर सोनेरी चौकटीत काल्पनिक चिनी माणसं दिसू लागली.

डेल्फ्टचे डबे हॉलंडचे. कथिलाची झिलई, मऊ माती, काठाला टवके जवळजवळ ठरलेले. गळ्यावर प्यूटरचं, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूचं, आट्यांचं झाकण असलं तर फारच छान.

इंग्लंडबद्दल मला पानंच्या पानं लिहिता येतील. स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी चहाच्या डब्याशी जितका खेळ केला तितका कुणी केला नाही. मिठाच्या झिलईची पांढरी भांडी तिथलीच. भट्टी तापलेली असताना आत मीठ टाकलं की त्याची वाफ मातीवर बसून झिलई होते आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. १७६० च्या सुमाराचे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डबे तर पाहतच राहावेत: खाली हिरवी पानं, वर मलईच्या रंगाचा गड्डा, आणि डब्याचं तोंड त्याच्या शेंड्यात. शतकाच्या शेवटी प्रॅटवेअर आलं. गेरू, निळा, हिरवा, तपकिरी असे भट्टीचा ताव सोसणारे मोजके रंग आणि साच्यातून उठवलेली चित्रं. त्यातल्या अनेक डब्यांवर भल्याथोरल्या केशरचना केलेल्या फॅशनेबल स्त्री-पुरुषांची थट्टा आहे. वूस्टरचा कारखाना १७५१ चा. तिथल्या पोर्सिलीनमध्ये संगजिऱ्याचा दगड असतो आणि उजेडासमोर धरल्यावर अंग बहुधा हिरवट दिसतं. बुडाच्या कड्याला लागून आतल्या बाजूने झिलई नसलेली बारीक रेघ असते. ती सापडली की मला अजूनही आनंद होतो.

६. जपानी चाइरे इतकं साधं दिसतं, तरी त्याला एवढा मान का?

कारण ते वेगळ्याच कामाचं भांडं आहे. चाइरे म्हणजे चहासमारंभातल्या दाट चहाची पूड ठेवायची लहानशी कुपी, बहुतेक ६ ते ९ सेंटिमीटर उंचीची. नक्षी म्हणजे बहुधा तपकिरी झिलईचा एखादा ओघळ, एवढंच. झाकण हस्तिदंताचं, त्याच्या आतल्या बाजूला सोन्याचा वर्ख, आणि वर किनखापी कापडाचा बटवा. आकारांना नावं आहेत. त्यातलं ‘नासु’ म्हणजे चक्क वांगं.

त्सुकुमो नासु या चाइरेची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चीनमध्ये बनलेलं हे भांडं १५६८ मध्ये मात्सुनागा हिसाहिदे या सरदाराने ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला नजर केलं. पुढे ते ओसाकाच्या किल्ल्यात होतं. १६१५ मध्ये किल्ला पडला, जळाला, तेव्हा किल्ला जिंकणाऱ्या तोकुगावा इएयासूच्या हुकमाने राखेतून त्याचे तुकडे वेचून काढले. फुजिशिगे या लाखेच्या कारागिरांनी ते असे सांधले की वरून तडा दिसतच नाही. क्ष-किरणांखाली मात्र सगळे तुकडे दिसतात. आज ते टोकियोच्या सेइकादो संग्रहालयात आहे. डागडुजी म्हणजे किंमत संपली असं मानणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

चहाची पानं ठेवायचे मोठे माठ म्हणजे ‘चात्सुबो’. त्यातला चिगुसा नावाचा सुमारे ४२ सेंटिमीटर उंचीचा चिनी माठ २००९ पासून वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. ‘नात्सुमे’ हे पातळ चहाच्या पुडीचं भांडं बहुधा लाख चढवलेल्या लाकडाचं असतं, म्हणून ते आपल्या विषयात येत नाही.

७. डबा सुंदर आहे पण झाकण नाही. घ्यावा का?

जरूर घ्या, पण झाकण नसलेला म्हणून घ्या. अठराव्या शतकातल्या डब्यांपैकी कितीतरी असेच उरले आहेत. झाकण रोज उघडलं जायचं, हातातून निसटायचं, फरशीवर पडायचं. नंतरच्या मालकांनी चांदीची, पितळेची, लाकडाची झाकणं करून घेतली. तीही डब्याच्या आयुष्याचाच भाग आहेत. माझ्याकडच्या एका निळ्या-पांढऱ्या चिनी डब्याला पितळेची टोपी आहे. ती आतून हाताने ठोकलेली आहे, हातोडीचे घाव मोजता येतात, आणि गळ्याच्या तिरकेपणाला जुळावी म्हणून तिची एक बाजू किंचित चेपली आहे. कुणीतरी याच डब्यासाठी बसून ती केली. ती काढून दुसऱ्या डब्याचं पोर्सिलीन झाकण लावावं असं मला कधी वाटलं नाही.

पैसे देताना मात्र झाकण नाही हे ध्यानात ठेवूनच द्या. ‘झाकण पुढे कधीतरी मिळेल’ या आशेवर पूर्ण डब्याचा भाव देऊ नका. अंगाला नेमकं बसणारं सुटं झाकण मिळणं फार दुर्मीळ.

८. झाकण आहे. ते मूळचंच आहे हे कसं कळेल?

खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बसा आणि घाई करू नका.

आधी पांढऱ्याकडे पाहा, नक्षीकडे नको. चिनी पोर्सिलीनचा पांढरा कधी निळसर असतो, कधी करडा, कधी दुधी. झाकण आणि अंग एका भट्टीतलं असेल तर ही छटा जुळते. मग निळा रंग. दोन्हीकडे तो सारखाच पसरलेला, सारखाच गडद आहे का? मग गळा. मूळ झाकण जिथे टेकतं तिथे गळ्याभोवती बहुधा झिलई नसलेलं कडं असतं आणि झाकणाच्या आतल्या काठाची झीज त्या कड्याशी जुळते. झाकण हळूच फिरवून पाहा. हाताने बनवलेला गळा क्वचितच पूर्ण गोल असतो. मूळ झाकण एखाद्या जागी नीट बसतं आणि इतर जागी थोडं घासतं. सगळीकडे सैल खेळणारं झाकण दुसऱ्या डब्याचं असू शकतं.

शेवटी जुनेपणा. अंगावरचं सोनं झिजून गेलंय आणि झाकणाचं लखलखतंय, तर काहीतरी चुकतंय. उलट असेल तर काळजी नको, कारण झाकणाला हात जास्त लागतो.

९. बुडाशी कांग्शीचा शिक्का आहे. म्हणजे डबा कांग्शीच्या काळातला ना?

नाही, शिक्क्यावरून तसं म्हणता येत नाही. चीनमध्ये आधीच्या सम्राटाचं नाव आदराने लिहिण्याची रीत होती. कांग्शीच्या काळातल्या भांड्यांवर त्याआधी दोनशे वर्षांच्या छंगह्वाचं नाव सापडतं, आणि कांग्शीचं चार अक्षरी नाव एकोणिसाव्या शतकातल्या ढीगभर बरण्यांवर. १६७७ मध्ये तर जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाचं नाव लिहायला मनाई केली होती. म्हणून त्या काळातल्या कित्येक बुडांवर नुसती निळी दुहेरी वर्तुळं दिसतात, आत एखादं पान किंवा काहीच नाही. आणि अठराव्या शतकातल्या निर्यातीच्या डब्यांना बहुधा शिक्काच नसतो. बूड कोरं दिसलं म्हणून डबा परत ठेवू नका.

१०. शिक्क्यावर देशाचं नाव आहे. त्यावरून काळ कळतो का?

हो, हा शिक्का खरोखर उपयोगी आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत लिहिणं सक्तीचं झालं. म्हणून ‘चायना’ किंवा ‘इंग्लंड’ असं इंग्रजीत असेल तर डबा सहसा त्यानंतरचा. ‘निप्पॉन’ असेल तर १८९१ ते १९२१ च्या दरम्यानचा, कारण १९२१ पासून ‘जपान’ लिहावं लागलं. ‘मेड इन’ असेल तर बहुधा विसाव्या शतकातला. देशाचं नाव नसलं म्हणून डबा जुना ठरत नाही, कारण प्रत्येक माल अमेरिकेसाठी नव्हता आणि शिक्का घासून काढताही येतो. बुडावर मधोमध झिलई मारलेली किंवा खरवडलेली जागा दिसली तर तिरक्या उजेडात नीट पाहा.

११. एकमेकांना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी म्हणजे माइसेनच?

माइसेनने ही खूण १७२२-२३ च्या सुमारास घेतली आणि तेव्हापासून तिची नक्कल चालू आहे. अठराव्या शतकात वूस्टरनेही ती आपल्या भांड्यांवर लावली. पॅरिसच्या सामसाँ कारखान्याने १८४५ पासून चिनी, माइसेन, वूस्टर अशा सगळ्यांच्या प्रतिकृती केल्या. त्या आज स्वतःच गोळा केल्या जातात. त्यांना पकडायचा उत्तम मार्ग म्हणजे माती. सामसाँने इंग्रजी मऊ पोर्सिलीनच्या (कमी तापात भाजलेल्या) नकलाही कठीण (जास्त तापात भाजलेल्या) पोर्सिलीनमध्येच केल्या. ‘वूस्टर’च्या डब्याची माती थंड, काचेसारखी, करडी लागली आणि प्रश्न ५ मधली बुडाची रेघ सापडली नाही, तर शिक्का काहीही म्हणो.

१२. बुडाची झीज खरी की केलेली?

खरी झीज टेकणाऱ्या कडेवर असते आणि तिथेही असमान, कारण डबा कधीच पूर्ण सपाट बसत नाही. भिंगातून वेगवेगळ्या दिशांच्या बारीक रेघा दिसतात. घासपेपरच्या रेघा समांतर असतात आणि टेकत नाही त्या भागावरही पोहोचतात. चहाच्या पाण्यात उकळून आणलेला तपकिरी डाग सगळीकडे सारखा असतो. खरा मळ खोबणींत आणि उघड्या मातीत बसतो.

१३. तडा किंवा डागडुजी लपवलेली असेल तर?

पोर्सिलीनचा डबा झाकण काढून तळहातावर ठेवा आणि नखाने हलकेच टिचकी मारा. धड असेल तर घंटेसारखा वाजतो, तडा असेल तर आवाज बसका येतो. साध्या मातीच्या डब्यांना ही परीक्षा लावू नका, ते धड असले तरी बसकेच वाजतात. मग अंधाऱ्या खोलीत अतिनील बॅटरी लावा. वरून लावलेला रंग आणि डिंक मूळ झिलईपेक्षा वेगळे चमकतात. खांदा आणि गळ्याचा सांधा आधी तपासा.

काठावर झिलईचे बारीक पोपडे उडालेले दिसले तर तो नेहमीच अपघात नसतो. चीनमधल्या मिंग राजवटीच्या अखेरीस, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, जपानसाठी बनलेल्या काही भांड्यांवर झिलई आणि माती वेगवेगळी आकसल्याने असं होई. जपानी लोक त्याला ‘मुशिकुइ’, म्हणजे किड्याने खाल्लेलं, म्हणतात आणि कौतुकाने मिरवतात.

१४. धुवायचा कसा?

भिजत ठेवू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ. सुरुवातीच्या काळात मी एक सहाकोनी डबा कोमट पाण्यात रात्रभर ठेवला. सकाळी त्याच्या खांद्याचा तिकोनी तुकडा टबाच्या तळाशी होता आणि पाणी पांढुरकं झालं होतं. कुणीतरी फार पूर्वी सरसाने तो चिकटवून वर प्लास्टर आणि रंग लावला होता, आणि विकत घेताना मला ते दिसलं नव्हतं. आता मी आधी प्रश्न १३ ची तपासणी करतो, मग ओल्या मऊ कापडाने एकेक बाजू पुसतो. सोनेरी रंगावर तेही नाही, तिथे फक्त कोरडा मऊ ब्रश. ब्लीच कधीच नाही, ते झिलईच्या भेगांतून आत शिरून राहतं. डबा झाकणाला धरून उचलू नका, आणि ठेवताना गळा व झाकण यांच्यात आम्लरहित मऊ कागदाची पट्टी ठेवा.

१५. त्यात चहा ठेवला तर चालेल का?

नको. अनेक जुन्या झिलईंत आणि झिलईवरच्या रंगांत शिसं असतं. शिवाय चहाचा डाग भेगांत कायमचा बसतो.

१६. जोडीतला एक डबा माझ्याकडे आहे. दुसरा कसा असेल?

जोडी बहुधा दोन चहांसाठी असे, एक हिरवा आणि एक काळा. काही इंग्रजी डब्यांवर ‘हायसन’ (हिरवा) किंवा ‘बोही’ (काळा) असं लिहिलेलंच असतं. बोही म्हणजे चीनमधल्या वुयी डोंगराचं बिघडलेलं नाव. तुमच्या डब्यावर एक नाव असेल तर दुसऱ्यावर काय शोधायचं ते कळलं. तीनच्या संचात मधलं भांडं बहुधा साखरेचं.

१७. बुडालेल्या जहाजातला डबा म्हणून विकत आहेत. खरं मानू का?

अशी जहाजं आहेत. डच ईस्ट इंडिया कंपनीचं गेल्डरमाल्सन १७५२ मध्ये बुडालं, १९८५ मध्ये त्याचा माल वर काढला आणि १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमला लिलाव झाला. पोर्सिलीन तळाशी रचत कारण पाणी लागून ते बिघडत नाही, आणि खरा मोलाचा माल म्हणजे चहा वर. चहा नासला, पोर्सिलीन उरलं. त्या लिलावातल्या वस्तूंवर लॉट क्रमांकाची चिठ्ठी असते आणि छापील सूचीत तिची नोंद सापडते. चिठ्ठी नाही, नोंद नाही, तर नुसत्या गोष्टीचे पैसे देऊ नका. समुद्राच्या वाळूने घासलेले झिलईवरचे रंग बहुधा उडालेले असतात, त्यामुळे चकचकीत गुलाबी फुलांचा ‘समुद्रातला’ डबा तर मुळीच नको.

१८. प्रयोगशाळेतली उष्मादीप्ती चाचणी करून घ्यावी का?

ती चाचणी वस्तू शेवटची कधी तापली ते सांगते. शतकांचा फरक कळतो, दशकांचा नाही. त्यामुळे १७५० की १७९० याचं उत्तर मिळत नाही. नमुन्यासाठी मातीला भोक पाडावं लागतं, आणि पातळ पोर्सिलीन डब्यात तेवढी जाडी बुडाशीही मिळणं कठीण. घराच्या आगीत सापडलेला अस्सल डबा या चाचणीत नवा ठरू शकतो, आणि मुद्दाम किरणोत्सर्ग देऊन नवा डबा जुना दाखवता येतो. मोठ्या मातीच्या माठासाठी ती उपयोगी, लहान डब्यासाठी मी करत नाही.

१९. हस्तिदंती झाकणाचं चाइरे परदेशातून मागवता येईल का?

आधी दोन्ही देशांचे नियम लेखी विचारा. हस्तिदंताचा व्यापार साइटीस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय, कराराखाली येतो आणि झाकण कितीही लहान असलं तरी ते हस्तिदंतच. ब्रिटनमध्ये २०१८ चा हस्तिदंत कायदा ६ जून २०२२ पासून लागू आहे. त्यात १९४७ पूर्वीच्या, आकारमानाने १० टक्क्यांपेक्षा कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना सवलत आहे, पण विकण्याआधी नोंदणी करावी लागते. इतर देशांत अटी वेगळ्या आहेत. शिवाय अनेक देश शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परवान्याशिवाय बाहेर जाऊ देत नाहीत, ते झाकणापुरतं नव्हे, अंगालाही लागू होतं.

काही विक्रेते झाकण काढून नुसतं अंग पाठवायची तयारी दाखवतात. तसं घेणार असाल तर निघण्याआधी झाकणाचे आतून-बाहेरून फोटो, बटव्याचे फोटो आणि डब्याच्या लाकडी खोक्यावरच्या लिखाणाचे फोटो मागून घ्या. तिन्ही एकत्र होते याचा तेवढाच पुरावा उरतो.